माणसे मोजाल, तेव्हा पाणीही मोजा

मा. पालकमंत्री, सातारा जिल्हा,
आणि
मा. पालकमंत्री, सांगली जिल्हा, यांस



दोघांना मिळून एकच पत्र लिहितो आहे, राग नसावा. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. मग उत्तर सातारा, दक्षिण सातारा अशी वाटणी झाली आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. कचेऱ्या दोन झाल्या. नदी एकच राहिली. महाबळेश्वरच्या डोंगरात निघालेली कृष्णा वाई, कराड, औदुंबर करत सांगलीच्या आयर्विन पुलाखालून जाते, तेव्हा तिला जिल्ह्याची हद्द कुठे लागली ते कळलेले नसते. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आपण दोघे आहात, म्हणून पत्र आपल्या नावे.

विषय लोकसंख्येचा आहे. दर ११ जुलैला जागतिक लोकसंख्या दिन येतो. पंचायत समितीच्या आवारात फलक लागतो, आरोग्य विभागाची प्रभातफेरी निघते आणि कोणीतरी पुढारी भाषणात सांगतो, ‘लोकसंख्येचा भस्मासुर आवरला नाही तर पाणी पुरणार नाही, झाडे उरणार नाहीत, दोन अपत्यांचा कायदा आणखी कडक करा.’ टाळ्या पडतात. हे भाषण मी इतक्यांदा ऐकले आहे की पुढचे वाक्य मला आधीच पाठ असते. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून जनगणना होते आहे. २०२१ ची राहून गेली, त्यामुळे सोळा वर्षांनी नवे आकडे येतील. ते आले की हे भाषण नव्या जोमाने सुरू होईल. त्याआधी चार गोष्टी आपल्या कानावर घालाव्यात, म्हणून हा खटाटोप.

मी प्राथमिक शिक्षक होतो. शिक्षक म्हणजे सरकारचा हरकाम्या. जनगणनेला प्रगणक म्हणून दारोदार आम्हीच फिरलो आणि कुटुंब नियोजनाच्या ‘केसा’ही आम्हीच दिल्या. नव्या पिढीला हा शब्द समजावून सांगावा लागतो. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी अशा सगळ्यांना वर्षाला ठरावीक शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट असे. केस म्हणजे ऑपरेशनला तयार झालेली बाई, पुरुष क्वचितच. मार्च जवळ आला की पटावरच्या मुलांपेक्षा त्यांच्या आयांची चौकशी जास्त व्हायची. १९९६ साली केंद्राने ही उद्दिष्टे काढून टाकली. तोवर आमच्या गावांनी धडा केव्हाच गिरवला होता.

आकडे बघा. १९६१ साली सातारा जिल्ह्यात सुमारे १४ लाख माणसे होती, २०११ ला ३० लाख ३ हजार झाली. सांगलीत १२ लाखांची २८ लाख २२ हजार झाली. पन्नास वर्षांत दुपटीहून जास्त, ही वाढ खरीच मोठी. पण ती कशी मंदावत गेली तेही पाहा. साठीच्या दशकात साताऱ्याची लोकसंख्या वीस टक्क्यांहून अधिक वाढली. २००१ ते २०११ या दशकात वाढ ६.९ टक्क्यांवर आली आणि सांगलीची ९.२ वर. त्याच दशकात महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढला, पुणे जिल्हा ३० टक्क्यांनी. राज्यात एका बाईला सरासरी होणारी मुले १९९२-९३ च्या कौटुंबिक आरोग्य पाहणीत २.९ होती, २०१९-२१ च्या पाहणीत ती १.७ वर आली. आईबापांची जागा भरून निघायला दोनहून थोडी जास्त लागतात. म्हणजे ज्या भस्मासुरावर भाषण चालले आहे, तो आमच्या गावच्या पाळण्यात नाही.

हे कायद्याने झाले का? तिसरे मूल झाले की ग्रामपंचायतीचे सदस्यत्व जाते, ही तरतूद १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या जन्मांना लागू आहे. सरकारी नोकरीसाठी छोट्या कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र २००५ पासून लागते. घसरण त्याच्या कितीतरी आधीची आहे. मुली शाळेत टिकल्या, लग्नाचे वय वर गेले, पोर जगण्याची खात्री वाटू लागली आणि दवाखाना तालुक्याच्या गावाला आला, म्हणून झाली. साताऱ्याच्या जिल्हा परिषदेने तर २००७ मध्ये एक वेगळीच योजना काढली. लग्नानंतर पहिले मूल दोन वर्षे लांबवले तर जोडप्याला ५ हजार रुपये, तीन वर्षे लांबवले तर साडेसात हजार. लोकांनी तिचे नाव ‘हनिमून पॅकेज’ पाडले आणि परदेशी वार्ताहर ती बघायला साताऱ्यात आले. मला त्या योजनेतली एक गोष्ट आवडली. तिने कोणाचे काही काढून घेतले नाही. नवीन लग्न झालेल्या मुलीला सासूसमोर सांगायला एक कारण दिले.

या बाबतीत महाराष्ट्राला कोणी शहाणपण शिकवण्याची गरज नव्हती. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. ज्यांनी साताऱ्याच्या शाळेत धडे गिरवले, त्या बाबासाहेब आंबेडकरांच्या पक्षाने १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. सभागृहाने तो फेटाळला. त्या ठरावामागची काळजी बाईच्या शरीराची आणि गरिबाच्या संसाराची होती. शिक्षेची भाषा नंतरच्या लोकांनी आणली.

आणि त्या भाषेची किंमत आपल्या दोन जिल्ह्यांनी मोजली आहे. ‘दोनच हवीत’ हे पटले, पण ‘त्यातला एक मुलगा हवाच’ हे सुटले नाही. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे सांगलीत ८५१ मुली होत्या, साताऱ्यात ८७८. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात दोनशेहून अधिक मुलींचे नव्याने बारसे करावे लागले, कारण त्यांच्या घरच्यांनी त्यांचे नाव ‘नकुशा’, म्हणजे नकोशी, ठेवले होते. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. म्हणून हात जोडून सांगतो, दोन अपत्यांचा कायदा आणखी आवळण्याचे भाषण या दोन जिल्ह्यांत तरी करू नका. इथे त्याचा दाब कोणाच्या अंगावर पडतो, हे आपणास ठाऊक आहे.

आता दुसरी बाजू. आमची वाढ मंदावली याचे सगळे श्रेय पाळण्याला देणेही खोटे ठरेल. माणसे गेली. पाटण, जावळी, खटाव, माणचा गडी मुंबईच्या गिरणीत गेला, गोदीत गेला, बाजारात पाठीवर पोती वाहू लागला. माथाडींचे पुढारी अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच, आणि १९६९ चा माथाडी कायदा ज्या पाठींसाठी झाला, त्यातल्या किती तरी आमच्या डोंगरातल्या. विटा, आटपाडी, खानापूर भागातला माणूस सोने-चांदी गाळायला देशभर गेला; गलाईवाले नाहीत असे बाजारपेठेचे शहर सापडणे कठीण. माणसे मोजताना ती पुण्यात, ठाण्यात, कोइमतूरला मोजली गेली. पण त्यांची घरे, शेतीचे उतारे, यात्रा आणि म्हातारे आईबाप इथेच राहिले.

त्या शहरांचे ओझेही इथेच राहिले. कोयना धरण १०५ टीएमसीचे. त्यातले ६७.५ टीएमसी पाणी वीज करण्यासाठी पश्चिमेला वळवायला कृष्णा लवादाने परवानगी दिली. ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून उतरून कोकणात जाते आणि शेवटी समुद्राला मिळते. त्या विजेवर राज्याचे कारखाने उभे राहिले, हे चांगलेच झाले. धरणासाठी जी गावे उठली, त्यांच्या पुनर्वसनाचे कागद मात्र साठ वर्षे होऊनही मिटलेले नाहीत. मुंबई-पुण्याची लोकसंख्या वाढली याचा परिणाम मुंबई-पुण्यातच शोधायचा नसतो, तो कोयनेकाठच्या हेळवाकच्या डोंगरातही शोधायचा असतो, एवढेच म्हणणे.

मग आमच्याकडे वाढले काय? चुली वाढल्या. माणसे वाढली त्याहून वेगाने घरे वाढली. एका वाड्यात चार भाऊ नांदत होते, त्यांची चार घरे झाली. प्रत्येक घराचे बोअर, प्रत्येकाची मोटारसायकल, वेगळा फ्रीज, वेगळा रस्ता. आणि जमीन वाटली गेली. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातल्या खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, म्हणजे साडेदहा एकर. २०१५-१६ ला ती १.३४ हेक्टरवर आली, सव्वातीन एकर. लोकसंख्या वाढल्याचा खरा, ठसठशीत परिणाम दाखवायचा तर हा दाखवावा. मला तो नाकारायचा नाही. पण त्या सव्वातीन एकरांत पुढे काय झाले ते बघू.

‘ऊस हे आळशाचे पीक’ असे शहाणे लोक म्हणतात. मला ते कधी पटले नाही. तुकडा लहान, एक मुलगा पुण्यात, दुसरा एमआयडीसीत, घरी म्हातारा-म्हातारी. अशा घराला कोणते पीक परवडेल? टोमॅटोचा भाव कोसळला तर क्रेट रस्त्यावर ओतावे लागतात. द्राक्षाला रोज फवारणी हवी, डोळ्यात तेल घालून राखण हवी, एका गारपिटीत सगळे जाते. उसाला तोड येते ती कारखान्याची, वाहन कारखान्याचे, दराला एफआरपीचा, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या किमान दराचा, आधार, आणि पैसे उशिरा का होईना बँकेत. तुकडा जितका लहान आणि हात जितके कमी, तितका ऊस सोयीचा. जमिनीची वाटणी, शहराकडची ओढ आणि उसाचे राजकारण या तिन्ही गोष्टी एकाच बांधावर भेटतात. केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाने उसावरच्या आपल्या अहवालात लिहून ठेवले आहे की महाराष्ट्रात चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे जवळजवळ ७० टक्के पाणी घेतो. आता या सत्तर टक्क्यांपुढे गावात जन्मलेल्या तिसऱ्या पोराच्या पिण्याच्या पाण्याचा हिशेब मांडून बघा. माणशी दिवसाला ५५ लिटर, हे जलजीवन मिशनचे प्रमाण. त्या पोराला वर्षभर जेवढे लागते, ते वीस हजार लिटर. उसाला पाटाने एक पाळी दिली की एकरभर रानात यापेक्षा कितीतरी पट जिरते.

आणि जास्त जिरले की रान मरते, हेही आपल्याला माहीत आहे. मिरज, पलूस, वाळवा भागात नदीकाठची हजारो हेक्टर काळी जमीन क्षारपड झाली. पांढरा थर वर आला, बाभळी उगवल्या. आता सच्छिद्र पाइप गाडून निचरा करायचा खर्च कर्जाने चालला आहे. ज्या जिल्ह्यात जमिनीला पाणी जास्त झाले त्याच जिल्ह्यात जत आहे. तिथल्या गावांच्या पाण्यासाठी २०२२ च्या अखेरीस केवढे राजकारण पेटले! ‘पाणी द्या, नाहीतर कर्नाटकात जातो’ हे गावकऱ्यांचे जुने वाक्य बेंगळुरूपर्यंत गेले, तेव्हा कुठे मुंबईला विस्तारित म्हैसाळ योजनेची घाई झाली. त्याआधी १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली होती. दहा वाघिणी, पाच लाख लिटर कृष्णेचे पाणी. लातूरच्या तहानेला पाणी दिले याचा मला अभिमान आहे. पण सांगली जिल्ह्याच्याच पूर्व भागाला टँकर लागतो, याची लाज कोणी वाटून घेतल्याचे स्मरत नाही.

पाऊस तर आमच्याकडे मुळातच पक्षपाती आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, आणि माणमध्ये पाचशे झाला तर लोक पेढे वाटतील. माणमध्ये माणसे जास्त झाली म्हणून पाणी कमी पडले, असे कोणी म्हणेल का? माणदेश विरळ वस्तीचाच आहे. तिथे पाणी कमी पडते ते पावसाने आणि वाटपाने.

वाटपाचे म्हणाल तर उत्तरही याच जिल्ह्यांत सापडते, दिल्लीला जायला नको. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर तांदूळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतून बळीराजा स्मृती धरण उभे केले. वाळूचे ठेके ठेकेदाराच्या घशात जात होते. लोकांनी ते रोखले आणि नदीतली मर्यादित वाळू स्वतः विकून धरणाला पैसा उभा केला. पाण्याचा वाटा प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालासुद्धा. आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही. या चळवळीतले डॉ. भारत पाटणकर आणि त्यांचे सहकारी, पुढे आटपाडीच्या पाणी परिषदांतून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, या सगळ्यांनी हेच लावून धरले: पाणी जमिनीच्या मापाने नको, माणसाच्या मापाने द्या. लोकसंख्येचा विचार पाण्यात आणायचा तर तो असा आणावा. माणूस मोजायचा तो त्याचा वाटा ठरवण्यासाठी. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी विजेचे केवढे बिल भरून वर चढवतो. त्या पाण्याने आटपाडी-जतमध्ये पुन्हा पाटाने ऊसच भिजणार असेल, तर तीस वर्षांनी तिथेही क्षारपड आयोग नेमावा लागेल.

आता सांगलीचे पालकमंत्री, आपल्याशी थोडे. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीच्या पोरालाही ठाऊक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. ब्रह्मनाळला बोट उलटून १७ जीव गेले. दोन वर्षांनी, २०२१ ला, पुन्हा पूर. पूर आला की सगळ्यांची बोटे कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे. अलमट्टीची उंची वाढवू नये हे भांडण भांडायला हवेच. पण २०१९ च्या पुरावर नेमलेल्या वडनेरे समितीने पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांकडेही बोट दाखवले, ते आपण सोयीने विसरतो. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत २०११ ला पाच लाख माणसे होती. ती राहणार कुठे? जमीन महाग, म्हणून शेत गुंठ्या-गुंठ्याने विकले गेले. ओढे बुजले, काळ्या मातीत भर टाकून वस्त्या उठल्या. शामरावनगरसारख्या भागात पुराचे सोडा, मोठा वळवाचा पाऊस झाला तरी पाणी महिनोन् महिने हटत नाही. असे प्लॉट नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा २००१ ला आला, आणि नंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्याची दारे उघडली. ज्याने आयुष्यभराची पुंजी घालून अर्धा गुंठा घेतला त्याच्यावर माझा राग नाही. ज्याने पूररेषेत प्लॉट पाडून विकले, ज्याने सही केली, आणि ज्याने निवडणुकीआधी ‘नियमित करून देतो’ म्हणून हार घालून घेतले, त्यांच्यावर आहे. आणि शेरीनाला? सांगलीचे सांडपाणी कृष्णेत सोडणारा हा नाला गेल्या कित्येक निवडणुकांचा मुद्दा आहे. धुळगावला सांडपाणी शेतीला नेण्याची योजना झाली, तिच्यावर खर्च झाला, नाला वाहतोच आहे. माणसे वाढतात तेव्हा मैलाही वाढतो. हे गणित पाचवीतल्या मुलाला जमते, महापालिकेच्या अंदाजपत्रकाला जमत नाही.

साताऱ्याच्या पालकमंत्र्यांनी हसू नये. आपल्याकडे वाढ डोंगरावर चालली आहे. कास पठार २०१२ साली जागतिक वारसा ठरले. तिथे फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी ठेवावी लागली. पठारावर मर्यादा आहे, पण पठाराकडे जाणाऱ्या रस्त्याला नाही. यवतेश्वरपासून कासपर्यंत हॉटेले, बंगले, ‘फार्महाऊस’ यांची रांग लागली, आणि त्यांचे सांडपाणी कुठे जाते हे विचारले की प्रत्येक खाते दुसऱ्या खात्याकडे बघते. साताऱ्याला प्यायचे पाणी कास तलावातून येते, हे त्या हॉटेलात राहणाऱ्याला माहीत नसेल. आपल्याला माहीत आहे. महाबळेश्वर-पाचगणीला जानेवारी २००१ पासून पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचे संरक्षण आहे. ते अडचणीचे वाटले म्हणून की काय, आता शेजारी सातारा, जावळी, पाटण तालुक्यांतल्या शेकडो गावांचे ‘नवीन महाबळेश्वर’ गिरिस्थान रस्ते विकास महामंडळाच्या हातात दिले आहे. ज्या गावांतून माणसे मुंबईला गेली, त्याच गावांत आता मुंबईची माणसे आठवडाअखेरीला आणायची. रोजगार हवा, हे मान्य. कांदाटी खोऱ्यातल्या पोराने कायम बाहेरच जावे असे मी म्हणणार नाही. पण त्या डोंगरात रोज किती माणसांचे पाणी, कचरा आणि गाड्या मावतील, हे आधी मोजून जाहीर केल्याशिवाय आराखड्यावर सही करू नका. कोयना-चांदोलीचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० पासून त्याच डोंगराला लागून आहे.

मोजता येत नाही, असे अधिकारी सांगतील. त्यांना आषाढाची आठवण द्या. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते, तिथून तरडगाव, फलटण, बरड. त्या काही मुक्कामांत लाखो माणसे आपल्या जिल्ह्यातून जातात. त्यातला एकही जनगणनेत साताऱ्याचा नसतो. तरी टँकर किती, फिरती शौचालये किती, दवाखाने कुठे, कोणता रस्ता केव्हा बंद, याचे कोष्टक जिल्हाधिकारी कार्यालयात महिनाभर आधी तयार असते, आणि दरवर्षी ते सुधारते. वारकऱ्यांसाठी जमते ते पर्यटकांसाठी का जमू नये? की वारकरी पायी येतो आणि पर्यटक जमिनीचा भाव घेऊन येतो, हा फरक आहे?

जनावरांचे थोडक्यात सांगतो. कराड, पाटण, शिराळ्याच्या उसात बिबट्याची पिल्ले सापडणे ही आता वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची बातमी झाली. डिसेंबर २०२१ मध्ये गवा सांगलीच्या मार्केट यार्डात शिरला होता. त्याला कुठल्या बाजूने आलो आणि कुठे जायचे ते उमगत नव्हते, आणि भोवती मोबाइल घेतलेली गर्दी. सागरेश्वरचे अभयारण्य तर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी उजाड डोंगरावर अक्षरशः हाताने उभे केले; अवघे दहा-अकरा चौरस किलोमीटर. कुंपणात हरणे वाढली, चारा-पाणी पुरेना, ती शेतात उतरू लागली. जागा आणि संख्या यांचा मेळ बसला नाही की काय होते ते तिथे दिसते. म्हणून संख्येला अर्थच नाही, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. हरणाला उसाची एफआरपी आणि पूररेषेतला प्लॉट नसतो, एवढा फरक मात्र लक्षात घ्यावा.

जगाची लोकसंख्या नोव्हेंबर २०२२ मध्ये आठशे कोटी झाली, पुढच्या वर्षी आपण चीनला मागे टाकले, तेव्हा दूरदर्शनवरच्या चर्चांत गर्दीच्या लोकलची चित्रे दाखवत होते. लोकलमधला माथाडी कामगार दहा बाय दहाच्या खोलीत राहतो, रेशनचे धान्य खातो, पायी नाहीतर रेल्वेने जातो. त्याच्या वाट्याला पृथ्वीचे जेवढे येते, त्याच्या कितीतरी पट कासच्या उतारावर दुसरे घर बांधणाऱ्याला लागते. चित्र मात्र माथाडीचे.

आता मागणे. पहिले, जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च आहे. तेव्हा उसाचा हंगाम संपत आलेला असेल, पण बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या पालांतली बरीचशी माणसे अजून कृष्णाकाठी असतील. त्यांची नोंद चुकू नये, यासाठी प्रत्येक कारखान्याकडून टोळ्यांची यादी प्रगणकांना आधी मिळावी. हा आदेश आपल्या एका पत्राने निघू शकतो. हंगामात ती माणसे याच नदीचे पाणी पितात आणि त्यांच्या बायका उघड्यावर आडोसा शोधतात. कोणत्या गावात हंगामी माणसे किती, हे कळल्याशिवाय त्यांच्यासाठी नळ आणि शौचालय कोणत्या ग्रामपंचायतीच्या खर्चात धरणार?

दुसरे, दोन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांनी वर्षातून एकदा एकत्र बसावे आणि तालुकानिहाय पाण्याचा जमाखर्च छापावा: पाऊस किती, धरणातून किती, उपशाने किती चढवले, उसाला किती, कारखान्याला किती, घरांना किती, नदीत घाण होऊन किती परतले. गावच्या चावडीवर लागेल असा, मराठीत, एका पानाचा. उपसा योजनांच्या नव्या लाभक्षेत्रात ठिबकाशिवाय ऊस नको आणि भूमिहीन कुटुंबाचाही पाण्याचा वाटा ठरावा. बळीराजा धरणाचे लोक ते कसे केले हे सांगायला अजून आहेत, त्यांना समितीपुढे बोलवा. पूररेषेच्या आत यापुढे एकही गुंठा नियमित होणार नाही, असे सांगलीत जाहीर करा. आणि जे आधीच आत राहतात, त्यांना उंचावर जागा देण्यासाठी निधी राखा, कारण त्यांना फक्त नोटीस देणे हा अन्याय होईल. नवीन महाबळेश्वरचे मी वर सांगितलेच.

आणि ११ जुलैच्या कार्यक्रमाला आपण याल तेव्हा फलक बदला. ‘छोटे कुटुंब’ हे आमच्या बायकांनी करून दाखवले, त्याबद्दल त्यांचे आभार माना. बाकीच्या भाषणात ऊस, गुंठे आणि डोंगर यांवर बोला. टाळ्या कमी पडतील.

हा विषय नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर घ्यावा आणि घेतला की नाही ते वर्तमानपत्रातून कळवावे, ही विनंती.

आपला,
खटाव तालुक्यातला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक